परसातली हळद आणि अमेरिकेतला कागद



काल परसातल्या हळदीचा पाला कापला. विक्रीची हळद रानात असते, पण घरच्यासाठी न्हाणीच्या सांडपाण्यावर आठ-दहा गड्डे दरवर्षी लावतोच. मे अखेरीला लावले होते. आता पाला पिवळा पडून आडवा झाला, म्हणजे नऊ महिने भरत आले. कापता कापता विळा निसटला आणि डाव्या हाताच्या बोटावर बसला. फार खोल नाही, पण रक्त थांबेना. घरात गेलो तर मंडळींनी एक शब्द न विचारता बोट धुतलं, मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद घेतली आणि दाबून धरली.

मी विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं गं?"

"शिकवायचं काय त्यात? आई लावायची."

"आणि आईला?"

"तिच्या आईनं."

"कुठं लिहिलंय का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "हळद लावायची हे कुणी लिहून ठेवतं व्हय?"

नेमकं इथंच एकदा आपलं घोडं अमेरिकेत अडलं होतं. आज ती गोष्ट सांगतो.

२८ मार्च १९९५. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं ५४,०१,५०४ क्रमांकाचं पेटंट दिलं. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पेटंट घेणारं मिसिसिपी विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र, आणि शोध लावणारे म्हणून नावं होती तिथल्या दोन मूळ भारतीय संशोधकांची. पेटंट म्हणजे काय, तर ही युक्ती आमची, ठरावीक वर्षं आमच्या परवानगीशिवाय ती कुणी वापरायची नाही. ते त्या देशापुरतंच असतं. आमच्या घरी हळद लावायला कुणी आडवं आलं नसतं. पण तिथल्या बाजारात 'जखमेवरची हळद' म्हणून माल न्यायचा झाला, तर वाट अडली असती.

आता पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते. मग हळद नवी कशी ठरली? तिथल्या तेव्हाच्या कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट अमेरिकेतच आधीपासून माहीत असेल, वापरात असेल, तर ती जुनी. पण परदेशात नुसती वापरात असून भागत नव्हतं, ती कुठंतरी छापलेली दाखवावी लागायची. म्हणजे आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हळद लावली, त्या वापराचं वजन शून्य. छापील पान दाखवा, मग बोला. हा फरक त्यांनी पुढं २०११ च्या कायद्यानं काढून टाकला, पण त्या वेळी नियम तोच होता.

आपल्याकडं तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले. १९९६ च्या ऑक्टोबरात परिषदेनं त्या पेटंटची फेरतपासणी मागितली. पुराव्याला जोडले ३२ कागद. संस्कृत, उर्दू, हिंदीतली लिखाणं, त्यातली काही शंभर वर्षांहून जुनी, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकात १९५३ साली छापून आलेला एक लेख. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयानं मान्य केलं की ह्यात नवं काही नाही, आणि दावे फेटाळले.

ही गोष्ट सांगताना आपण 'भारत जिंकला' म्हणतो. बरोबरच आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू टोचते. त्या पुराव्यात हळद लावणारी एकही आजी नव्हती. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं, छापलं, म्हणून आपण सुटलो. हळदीबद्दल लिहिणारे भेटले. परसातल्या बाकीच्या पाल्याचं काय?

कागदाचं हे वजन आजचं नाही. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्यानं इथल्या औषधी आणि मसाल्यांवर मोठं पुस्तक छापलं. त्यात हळदीवरही प्रकरण आहे. मुंबई बेटही त्याच्याकडं पट्ट्यानं होतं. पुस्तकात अंतोनिया नावाची एक मोलकरीण मधूनमधून येते. मालकानं हाक मारली की झाडपाला, फळं आणून दाखवते. चारच वर्षांनी, १५६७ साली, ह्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला आणि युरोपभर वाचला गेला. नाव झालं ओर्ताचं. अंतोनियाला स्वतःला काय काय ठाऊक होतं, ते तिच्या तोंडून कुणी लिहून घेतलं नाही.

ह्याच्या उलटही एक दाखला आहे. पुढं शंभरेक वर्षांनी कोचीनला डच अधिकारी व्हान र्‍हीडनं मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. माहिती दिली इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्यानं, घरातल्या जुन्या पोथीच्या आधारानं. सोबत तीन कोंकणी पंडित होते, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. ह्या सगळ्यांची १६७५ सालची साक्षपत्रं पहिल्या खंडात त्यांच्या नावानिशी छापली आहेत. तिघा पंडितांचं पत्र तर कोंकणीत आहे, आपल्याच नागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षांनी आपण त्यांची नावं घेतोय ती त्या एका पानामुळं.

हळदीच्या भांडणानंतर सरकारही शहाणं झालं. २००१ पासून सीएसआयआर आणि सरकारचा आयुष विभाग ह्यांनी जुन्या ग्रंथांतली औषधं संगणकावर चढवायला घेतली आणि पाच परदेशी भाषांत मांडली, म्हणजे पेटंट तपासणाऱ्याला ती वाचता यावीत. काम मोलाचं आहे. पण ते ग्रंथांवरून आहे. जे ग्रंथात आलंच नाही, ते तिथं कुठून येणार?

आता घरचं सांगतो. आमच्या आजीच्या परसात तुळस, अडुळसा, गवती चहा, पानओवा, कोरफड होतीच. ती आजही आहेत. पण आडाच्या कठड्याला लागून एक बुटकं झुडूप होतं, बारीक खरबरीत पानांचं. लहान पोराचं पोट फुगलं की आजी त्याची दोनच पानं तव्यावर गरम करून पोटावर बांधायची. वाड्यावस्तीवरनं बाया ते पान मागायला यायच्या. आजी गेली, आड बुजवला, झुडूप गेलं. नाव आईला आठवत नाही, आत्याला आठवत नाही. मी शेतकरी माणूस, बांधावरचं तण ओळखतो, पण ते झुडूप मला आज दाखवलं तरी खात्रीनं सांगता येणार नाही. त्याचा गुण खरंच होता का, हेही आता तपासता येणार नाही. कुणी पेटंट घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं!

म्हणून परवा दोन कामं केली. एक, शंभर पानी वही आणली आणि आईला घेऊन परसात फिरलो. प्रत्येक झाडाला एक पान. नाव काय, आणखी कुठल्या नावानं ओळखतात, बेणं कुणाकडून आणलं, कोणता भाग वापरायचा, ताजा की वाळवून, किती, कशासाठी, आणि कुणाला द्यायचं नाही. शेवटचा रकाना विसरू नका. आई म्हणाली, "पोटुशीला काय द्यायचं नाही ते आधी लिही." तिच्या सांगण्यावरनं वाक्यं तिच्याच शब्दांत ठेवली, शेवटी तिचं नाव आणि तारीख घातली.

दुसरं, ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवहीची चौकशी केली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोकांशी बोलून ही नोंदवही करणं हे तिचं काम. ह्या नोंदवहीच्या कल्पनेमागं माधव गाडगीळ सरांचे मोठे कष्ट आहेत. आपल्या गावची वही मागून बघा. परसातल्या बायकांचं त्यात किती आलंय ते पण बघा.

एक सांगून ठेवतो. वहीत लिहिलं म्हणजे औषध सिद्ध झालं असं नाही. खोल जखम, लोखंड लागलेलं, लहान मूल, ह्यात घरी बसू नका. मी पण काल हळद दाबली आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

हळद परवा काढतोय. जेठे गड्डे बेण्याला ठेवणार, कुणाला परसात लावायला हवे असतील तर येऊन न्या. आणि आजीच्या त्या झुडपासारखं पान तुमच्याकडं कुणी पोटावर बांधत असेल, तर खाली नाव लिहा, फोटो टाका. वहीतलं एक पान मी कोरं ठेवलंय.