शिरवण्याचा दर, शिरवण्याचा नकाशा

1914 साली मुंबई इलाख्यात सरकारच्या सल्लागार सर्वेक्षकांचे कार्यालय सुरू झाले. आजच्या नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभागाचे ते मूळ. सुरुवातीच्या काळात ए. ई. मिरॅम्स यांनी हे काम सांभाळले. पुढच्याच वर्षी, 1915 मध्ये, नगररचना कायदा आला. या कायद्याखालच्या योजनेत वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने वाटणी होई. मालकाला काय मिळणार आणि त्याने सुधारणेपोटी किती भरायचे, हे जमिनीच्या आधीच्या व नंतरच्या किमतीवर ठरे. म्हणून नकाशा आखणे आणि किंमत ठरवणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आली.

खात्याला आयता मिळालेला पाया मात्र महसुली मोजणीचा होता. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मोजणीने सर्व्हे नंबरची पद्धत रुजवली. तेहतीस फुटी साखळी, त्यातून निघालेला गुंठा, टिपण आणि गावनकाशा अशी ती सगळी घडण. मोजणीचा हेतू शेतसारा. सारा शेतावर बसे, घरावर नव्हे. त्यामुळे नकाशात शेताचे बांध बारकाईने उतरले आणि गावठाण मात्र एका बंद रेषेत आटोपले गेले.

आज नवी मुंबईत असलेल्या शिरवण्यासारख्या गावांना या उणिवेची झळ बसली ती 1970 नंतर. त्या वर्षी 17 मार्चला सिडको या सरकारी नगरविकास कंपनीची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचे ठरले. शिरवण्याजवळच्या महामार्गापलीकडे एमआयडीसीचे ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र होतेच. भातशेतीच्या जागी सेक्टर आणि भूखंड आले, गावठाण तेवढे राहिले. एकाच शिवाराचे आता तीन नकाशे झाले: भूमी अभिलेखचा, सिडकोचा आणि एमआयडीसीचा. 1979 मध्ये नवी मुंबईची विकास योजना मंजूर झाली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचे, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली आणि भूमिपुत्रांच्या नावाचे भूखंड सिडकोच्या नकाशावर उमटू लागले. गावठाणात कुटुंबे वाढली, घरांवर मजले चढले. कोणाचे घर कुठे संपते, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते; कागदाला नव्हते.

किमतीची बाजू याच सुमारास शिस्तीला लागली. 1995 च्या मुद्रांक नियमांनी बाजारमूल्य दरतक्त्याची चौकट घातली. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. तो नोंदणी व मुद्रांक विभाग जाहीर करतो. त्यामागचे मूल्यांकन नगर रचना खात्याचे अधिकारी करतात. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले दस्त आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून मूल्यविभाग पाडले जातात. प्रत्येक विभागात मोकळी जमीन, निवास, कार्यालय, दुकान आणि औद्योगिक जागा यांचे वेगवेगळे दर असतात. इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो, लिफ्टच्या इमारतीत पाचव्या मजल्यापासून दर चढतो. पूर्वी हे दर 1 जानेवारीला बदलत, 2016 पासून 1 एप्रिलला. 2023 आणि 2024 मध्ये ते जैसे थे राहिले. 2025 मध्ये नवी मुंबईत सरासरी 6.75 टक्के वाढ झाली.

या पद्धतीची खरी अडचण गावठाणात दिसते. मिळकत पत्रिका नसलेल्या घराचा व्यवहार बहुधा नोटरीपुढे उरकतो, दुय्यम निबंधकांपर्यंत पोचतच नाही. जो दस्त नोंदलाच गेला नाही, तो पुढच्या वर्षीच्या दरात कसा मोजला जाणार? कर्जाला बँक नकार देते, वाटणीला आधार राहत नाही. दर कितीही ताजा असला, तरी त्याच्या खालचा नकाशा जुना असेल तर तो दर शेजारच्या सेक्टरचाच भाव सांगतो.

मोजणीची साधने आता तोकडी नाहीत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. राज्यात उपग्रह-संकेतांवरून अचूक स्थान ठरवणारी 77 कॉर्स केंद्रे उभी राहिली. त्यांच्या आधाराने रोव्हर हाती घेतलेला भूकरमापक काही सेंटिमीटरच्या अचूकतेने हद्द दाखवतो. पण स्वामित्व योजना ग्रामीण गावठाणांसाठी आहे आणि शिरवणे 1992 पासून महापालिकेत. इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 126 खालचे नगर भूमापनच करावे लागते. नवी मुंबईतल्या गावांची ही मागणी जुनी आहे. महापालिकेने 2022 च्या ऑगस्टमध्ये स्वतःची पहिली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. तिच्यातली गावठाणाची रेषाही घरांच्या हद्दी भरल्याशिवाय अपुरीच राहते.

दरतक्त्याचा आढावा दरवर्षी होतो. विकास योजनेची सुधारणा वीस वर्षांनी करावी, असे 1966 चा नगररचना अधिनियम सांगतो. गावठाणाच्या मोजणीला मात्र अशी मुदतच नाही. ती घालून द्यावी आणि प्रत्येक नवी मिळकत पत्रिका त्याच वर्षी मूल्यविभागाशी जोडावी. शंभर वर्षांपूर्वी एका छपराखाली आणलेली दोन कामे तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने एकत्र येतील.