विझलेलं रेडियम?

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं होकायंत्र हाती आलं, की त्याचे काळवंडलेले आकडे पुन्हा चमकवायचा मोह होतोच. पण थांबा! विझलंय ते रंगातलं झिंक सल्फाइड. किरणांच्या माऱ्याने ते काही दशकांत निकामी होतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र तब्बल १६०० वर्षं! म्हणजे रंग खरवडला, की विषारी धूळ थेट फुफ्फुसात.

१९१७ नंतर न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली हाच रंग डायलवर भरायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलं होतं. जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली.

चमक हवीच असेल तर नवी डायल करून तिच्यावर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट लावा. जुनी डायल मात्र काचेआड बंदच राहू द्या.