फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज
खाजगी उद्यमाची बाजू लोकांपुढे मांडणारी मुंबईतील एक पक्षातीत संस्था. ती अर्देशीर दाराबशॉ श्रॉफ (१८९९–१९६५) यांनी १९५६ मध्ये स्थापन केली. त्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, औद्योगिक धोरणाचा नवा ठराव जाहीर झाला व सरकारी क्षेत्रास अग्रस्थान देणारी दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. नियोजन ही कल्पना मात्र श्रॉफ यांना परकी नव्हती. १९४४ च्या ‘मुंबई योजने’च्या आठ प्रणेत्यांपैकी ते एक होत आणि पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपये खर्चाच्या त्या योजनेत उद्योगपतींनीच शासकीय नियंत्रणांची आवश्यकता मान्य केली होती. त्यामुळे संस्थेचा विरोध नियोजनमात्रास होता असे म्हणण्यापेक्षा परवाने व नियंत्रणे यांच्या वाढत्या पसाऱ्यास होता, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

पुस्तिका व व्याख्याने ही तिची प्रचाराची मुख्य साधने. नानी पालखीवाला यांची अर्थसंकल्पावरील व्याख्याने १९५८ मध्ये ग्रीन्स हॉटेलातील लहानशा दालनात सुरू झाली. पुढे श्रोत्यांसाठी ब्रेबर्न स्टेडियम घ्यावे लागले. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७·७५ टक्के होता. संस्था धनिकांची वकिली करते, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. तथापि त्या गर्दीतील सारेच काही कारखानदार नव्हते. १९९१ मध्ये औद्योगिक परवाना पद्धती बहुतांशी रद्द झाली. त्याचे निकटचे कारण परकीय चलनाची तीव्र टंचाई हे होते.