न दिलेल्या भाषणाची गोष्ट

शब्दशक्तींचा पाठ घेताना व्यंजनेपाशी आले की मी वर्गात एक अमेरिकन उदाहरण देत असे. १९५० साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज स्मॅदर्स नावाचा तरुण उमेदवार सिनेटर क्लॉड पेपर यांच्याविरुद्ध उभा होता. खेड्यापाड्यांतल्या सभांतून तो आवाज खाली आणून श्रोत्यांना विचारी : पेपर हे निर्लज्ज 'एक्स्ट्रोव्हर्ट' आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे काय? आपल्या मेव्हणीच्या बाबतीत ते 'नेपोटिझम' करतात, त्यांची बहीण पापी न्यूयॉर्क शहरात 'थेस्पियन' होती, आणि कहर म्हणजे लग्नापूर्वी हे गृहस्थ नियमाने 'सेलिबसी' पाळत! अर्थ पाहिला तर बहिर्मुख स्वभाव, नातलगाला दिलेली नोकरी, नटीचा पेशा आणि ब्रह्मचर्य. वाच्यार्थ निरुपद्रवी, ध्वनी मात्र भयंकर. थेस्पिस या ग्रीक नटाच्या नावावरून आलेला शब्द कानाला भलत्याच शब्दासारखा लागतो आणि अडाणी मतदार दचकतो. वर्ग हसे. मीही हसे.

हे भाषण कधी झालेच नाही, हे मला फार उशिरा कळले.

'टाइम' साप्ताहिकाने १९५० च्या एप्रिल महिन्यात हा मजकूर छापला, आणि तेथून तो जगभर गेला. परंतु त्याच मजकुरात असेही नोंदवलेले होते की, ही गोष्ट उत्तरेकडील वृत्तपत्रांतून आली असून स्मॅदर्स तिचा संतापाने इन्कार करतात. असे भाषण आपण केल्याचे कोणी सिद्ध केल्यास दहा हजार डॉलर देऊ, असे आव्हान स्मॅदर्स यांनी दिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते बक्षीस कोणीही मिळवले नव्हते. प्रचाराच्या दौऱ्यावरील पत्रकारांनी कंटाळा घालवण्यासाठी रचलेला हा विनोद असावा, असेच आता सामान्यतः मानले जाते.

एक चुकीचे उदाहरण वगळायचे आणि दुसरे शोधायचे, एवढ्यावर हे प्रकरण संपले असते. पण मग त्या निवडणुकीत प्रत्यक्षात काय बोलले गेले, असा प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराने हसू मावळले.

प्रथम 'प्रायमरी' म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुधा नेते ठरवत नाहीत. मतदार पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मत देऊन तो ठरवतात. त्या काळच्या दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते, रिपब्लिकन पक्ष नावापुरता. त्यामुळे नोव्हेंबरातली सार्वत्रिक निवडणूक हा केवळ उपचार असे. खरा निकाल वसंतातल्या प्रायमरीत लागे. म्हणूनच तिथे कृष्णवर्णीयांना मतदार यादीबाहेर ठेवण्याची कसोशी केली जाई. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' या खटल्यात केवळ गोऱ्यांसाठीची प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. १९५० ची प्रायमरी ही या निकालानंतरच्या पहिल्या काही निवडणुकांपैकी एक. दाराला पडलेली ही फट अनेकांच्या डोळ्यांत सलत होती.

प्रायमरीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दोन पक्षांच्या लढतीत मतदारापुढे दोन जाहीरनामे असतात. एकाच पक्षाचे दोघे समोरासमोर आले की धोरणांतला फरक पुसट होतो आणि प्रश्न उरतो तो 'आपल्यातला खरा कोण?' एवढाच. अशा वेळी कोणाचा पाठिंबा कोणाला आहे, यालाच प्रचारात फार मोल येते; आणि प्रतिस्पर्धी 'आपल्यातला नाही' असे सुचवणारा शब्द कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा अधिक काम करतो.

क्लॉड पेपर १९३६ पासून सिनेटमध्ये होते. रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'चे ते कट्टर समर्थक, राष्ट्रीय आरोग्यविम्याचे पुरस्कर्ते, आणि मतदानासाठी आकारल्या जाणाऱ्या पोल टॅक्सचे विरोधक. त्यांना संत मानण्याचे कारण नाही : १९३८ मध्ये झुंडबळीविरोधी विधेयक रोखून धरणाऱ्या दक्षिणी सिनेटरांमध्ये तेही होते. तथापि पुढच्या दशकात ते पक्षाच्या डाव्या टोकाला सरकत गेले. १९४५ मध्ये मॉस्कोत त्यांनी स्टालिनची भेट घेतली आणि युद्धातल्या या मित्राविषयी ते सद्भावनेने बोलत राहिले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सभेत हेन्री वॉलेस आणि गायक-नट पॉल रॉब्सन यांच्यासोबत ते दिसले. चारच वर्षांत हवा पालटली. १९४९ मध्ये सोव्हिएत अणुबॉम्बची चाचणी झाली, चीनमध्ये माओची सत्ता आली. १९५० च्या जानेवारीत अल्जर हिस दोषी ठरले आणि फेब्रुवारीत जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग येथे आपले कुप्रसिद्ध भाषण केले.

स्मॅदर्स हे एके काळचे पेपर यांचेच अनुयायी. सरकारी वकिलीतल्या नेमणुकीसाठी पेपर यांनी त्यांना मदत केली होती. आता त्यांच्या पाठीशी राज्यातले परंपरानिष्ठ धनिक उभे राहिले. ड्यू पाँट कुटुंबाच्या फ्लोरिडातील मालमत्तेचे कारभारी एड बॉल यांचे नाव त्यांत अग्रभागी होते. आरोग्यविम्याला घाबरलेली डॉक्टरमंडळी आली. राज्यातली बहुसंख्य दैनिकेही आली. प्रचाराच्या आरंभीच स्मॅदर्स यांनी लाल जाळ्याच्या कोळिष्टकात फ्लोरिडा अडकणार नाही, अशी घोषणा केली. 'रेड पेपर', म्हणजे लाल मिरची, ही कोटी तर तोंडोतोंडी झाली होती. मतदानापूर्वी 'द रेड रेकॉर्ड ऑफ सिनेटर क्लॉड पेपर' ही पुस्तिका वाटली गेली. रॉब्सनसोबतचे छायाचित्र फिरले. त्या एका छायाचित्राने दोन कामे केली : लाल रंगही दाखवला आणि काळा रंगही. २ मे १९५० रोजी पेपर सुमारे ६७ हजार मतांनी हरले.

'थेस्पियन'च्या विनोदात यातले काय आहे? काहीच नाही. त्यात वंश नाही, कम्युनिझम नाही, पैसा नाही, वृत्तपत्रे नाहीत. आहे तो केवळ शब्दकोश न पाहिलेला खेडूत. पेपर हरले ते मतदारांच्या अडाणीपणामुळे, असे तो विनोद आपल्याला सांगतो. आणि आपण शब्दार्थ जाणणारे लोक तेवढ्यावर समाधान पावतो. प्रत्यक्षात फ्लोरिडाच्या मतदारांना वापरलेला प्रत्येक शब्द नीट कळला होता.

हे अधिक उघडेपणाने पाहायचे असेल तर त्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलिनात जावे लागेल. तेथील उमेदवार फ्रँक पोर्टर ग्रॅहम हे आपल्यासारख्यांपैकीच, म्हणजे मास्तर होते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे १९३० पासूनचे अध्यक्ष. रिक्त झालेल्या जागी १९४९ मध्ये राज्यपालांनी त्यांना सिनेटवर नेमले. ट्रुमन यांच्या नागरी हक्क समितीचे ते सदस्य होते, तरी सक्तीच्या कायद्यांपेक्षा शिक्षणाने व समजुतीने माणसे बदलतात, या मताचे. त्यांच्याविरुद्ध परंपरानिष्ठांचा पाठिंबा असलेले नामांकित वकील विलिस स्मिथ उभे होते. २७ मे रोजी पहिल्या फेरीत ग्रॅहम सुमारे ५३ हजार मतांनी पुढे राहिले. मात्र अन्य उमेदवारांमुळे निम्म्याहून अधिक मते त्यांना थोडक्यात मिळाली नाहीत. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दुसरी फेरी मागता येते. स्मिथ मागावी की नाही या विचारात होते.

५ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास व ओक्लाहोमा येथील विद्यापीठांतल्या वर्णभेदाविरुद्ध निकाल दिले. लगोलग रॅले शहरातील एका रेडिओ केंद्राचा वृत्तसंपादक स्मिथ यांच्या समर्थकांना त्यांच्या घरासमोर जमण्याचे आवाहन करू लागला. त्याचे नाव जेसी हेल्म्स. गर्दी जमली, आणि स्मिथ यांनी दुसरी फेरी मागितली. पुढच्या अडीच आठवड्यांत 'गोऱ्यांनो, जागे व्हा' अशा मथळ्याची पत्रके घरोघर पोचली. कारखान्यात तुमच्या बायकामुलींशेजारी, रुग्णालयात तुमच्या खोलीत, भोजनगृहात तुमच्या मेजावर कृष्णवर्णीय चालतील काय, असा त्यांचा आशय. ग्रॅहम यांनी लष्करी अकादमीसाठी केलेल्या गुणानुक्रमाच्या शिफारशींत एक कृष्णवर्णीय तरुण पर्यायी उमेदवार होता. त्याचे छायाचित्र छापून वाटले गेले. त्या पत्रकांत हेल्म्स यांचा हात किती होता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. ग्रॅहम यांनी त्याच भाषेत उत्तर देण्याचे नाकारले. २४ जूनला सुमारे १९ हजार मतांनी ते पराभूत झाले.

तिसरे ठिकाण कॅलिफोर्निया. 'थेस्पियन' बहिणीचा विनोद फिरत असताना येथे एक खरीखुरी अभिनेत्री सिनेटसाठी उभी होती : हेलन गहॅगन डग्लस. विद्यमान सिनेटर शेरिडन डाउनी यांनी माघार घेऊन मँचेस्टर बॉडी या वृत्तपत्रमालकाला पाठिंबा दिला. डग्लस यांची मते न्यूयॉर्कचे डावे सदस्य व्हिटो मार्कँटोनिओ यांच्याशी कशी जुळतात, याची यादी मांडली गेली ती प्रथम या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, स्वपक्षीयांकडून. डग्लस प्रायमरी जिंकल्या. पण तयार शस्त्र रिचर्ड निक्सन यांच्या हाती पडले. त्यांच्या प्रचारकांनी तीच यादी गुलाबी कागदावर छापली. डग्लस यांनी ३५४ वेळा मार्कँटोनिओ यांच्यासारखेच मत दिले, असा तिचा दावा होता. त्या मतांपैकी पुष्कळशी मते स्वपक्षाच्या बहुमतासोबतची होती, आणि स्वतः निक्सन यांचे मतही मार्कँटोनिओ यांच्याशी अनेकदा जुळले होते. पण 'तुम्ही कम्युनिस्ट आहात' असे पत्रकात म्हटलेलेच नव्हते, मग खोडायचे काय? जे सुचवायचे ते कागदाच्या रंगाने सुचवले होते. डग्लस यांच्या बाजूनेही निक्सन यांना मार्कँटोनिओ यांच्या पंगतीत बसवण्याचा प्रयत्न झाला, हे नोंदवायला हवे. तो फसला एवढेच. नोव्हेंबरात निक्सन मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

आनंदवर्धनाच्या परंपरेत व्यंजना कळण्यासाठी सहृदय वाचक लागतो, असे आपण शिकवतो. १९५० च्या या तीन निवडणुका पाहिल्यावर वाटते की भीतीलाही तिचा 'सहृदय' लागतो. गुलाबी कागद, एक छायाचित्र, 'जागे व्हा' हे क्रियापद : यांतून उमटलेला ध्वनी ऐकायला ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काही साठलेले असावे लागते. तेथे वक्ता फक्त आठवण करून देतो. म्हणून असा प्रचार खोडणे कठीण जाते. जे म्हटलेलेच नाही ते नाकारायचे कसे? 'थेस्पियन'च्या गोष्टीत शब्द न कळल्यामुळे माणूस फसतो. इथे शब्द पुरता कळला म्हणून त्याने मत फिरवले. या दोन गोष्टींत मी इतकी वर्षे गल्लत केली, आणि ती केवळ तपशिलाची चूक नव्हती. फसवणुकीचा दोष मी ऐकणाऱ्याच्या अज्ञानावर टाकत होते, आणि माझा वर्ग व मी, आम्ही सुशिक्षित म्हणून, त्यातून आपोआप सुटत होतो.

पुढच्या हकिगती थोडक्यात. पेपर १९६२ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे वृद्धांचे कैवारी म्हणून नावाजले. ग्रॅहम पुन्हा सिनेटवर गेले नाहीत. मात्र १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना भारत व पाकिस्तानसाठी आपला प्रतिनिधी नेमले आणि काश्मीरमधून सैन्ये मागे घेण्याच्या वाटाघाटी त्यांच्यावर सोपवल्या. त्या काळची वृत्तपत्रे वाचणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना 'डॉ. ग्रॅहम' हे नाव परिचित असे. मसुद्यामागून मसुदे झाले, मतैक्य मात्र झाले नाही. समजुतीने माणसे बदलतात, या विश्वासाची तीही एक कठीण परीक्षा होती. १९७२ च्या फेब्रुवारीत ग्रॅहम वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनाने सिनेटवर जेसी हेल्म्स यांना निवडून दिले. ते २००३ पर्यंत तेथे होते.

व्यंजनेचा पाठ मी अजूनही घेते. स्मॅदर्स यांची गोष्टही सांगते, वर्ग हसेपर्यंत थांबते, आणि मग हे भाषण झालेच नव्हते, हे सांगते. त्यानंतर फळ्यावर एकच शब्द लिहिते : गुलाबी. या शब्दाने कोणाचा पराभव होऊ शकेल का, असे विचारते. मुले नाही म्हणतात. मग आपल्याकडे असे निरुपद्रवी शब्द कोणते, जे उच्चारताच ऐकणाऱ्याला पुढचे सगळे न सांगता कळते, त्यांची यादी करायला सांगते. यादी पहिल्या दोन मिनिटांत फारशी होत नाही. मुले एकमेकांकडे पाहतात. नंतर कोणीतरी एखाद्या वस्तीचे नाव सांगते, कोणी एखादे आडनाव, आणि वर्गात कोणी हसत नाही.