मिरजेहून माटुंग्याला

जून १९६४. मिरज स्टेशनात पुण्याची मीटरगेज गाडी उभी आहे आणि तुम्ही खिडकीची जागा धरून बसला आहात. विलिंग्डन कॉलेजातून इंटर सायन्स झालंय. ट्रंकेत लॉगॅरिदमची टेबलं आहेत, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आहे आणि डोक्यात साखर कारखाना. गळिताच्या हंगामात तुम्ही तिथं पाहिलंय: उसाच्या रसात चुन्याचं दुधाळ पाणी घालतात, गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, रस निवळतो. वायू रसात किती वेगानं मुरतो, असं तुम्ही फोरमनला विचारलंत. तो म्हणाला, ‘अंदाज असतो, बाळ.’

त्या अंदाजाचं गणित शिकायला तुम्ही निघाला आहात.

कराड मागे पडतं, मग मसूर. हे छोटं स्टेशन ध्यानात ठेवा. पुण्याला गाडी बदलायची, दादरला उतरायचं, माटुंग्याला यूडीसीटी गाठायची. मुंबई विद्यापीठाचा हा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला.

तुम्ही पोचता त्याच वर्षी केंब्रिजहून पीएचडी करून सत्तावीस वर्षांचे मनमोहन शर्मा तिथं प्राध्यापक होतात. मूळचे जोधपूरचे, यूडीसीटीचेच विद्यार्थी, केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचा विषय ऐकून तुम्ही चमकता: वायू द्रवात मुरतो आणि मुरतामुरताच त्याची अभिक्रिया होते, तेव्हा नेमकं काय घडतं? फोरमनला विचारलेला तोच प्रश्न. फरक एवढाच, की इथं त्याला समीकरण आहे. बुडबुड्यांचं एकूण पृष्ठफळ पट्टीनं मोजता येत नाही. पण अभिक्रियेचा वेग माहीत असला, तर किती वायू मुरला त्यावरून ते काढता येतं. ही युक्ती मला आजही अतिशय देखणी वाटते.

आता पुढं सरका. १९७९. काचेच्या उंच स्तंभात बुडबुडे मधून वर उसळतायत, द्रव कडेनं खाली येतोय. तसाच तो मोठ्या रिॲक्टरमध्ये फिरतो, आणि त्या फिरण्याचं गणित शर्मांबरोबर याच साली मांडतायत ज्येष्ठराज जोशी. गाव मसूर, तुमच्या गाडीनं मागं टाकलेलं. १९७१ला पदवी, मग शर्मांकडेच पीएचडी आणि इथंच अध्यापन. पुढं १९९९ ते २००९ ते संस्थेचे संचालक होतील.

शेजारी गणपती यादव आहेत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे; पीएचडी १९८०, तीही शर्मांकडे. त्यांचं आयुष्य उत्प्रेरकांना वाहिलेलं. गंधकाम्ल वापरून माल तयार केला, की ते आम्ल मारायला अल्कली लागते आणि क्षारांचा कचरा उरतो. आम्लच घन असेल तर? काम झालं की गाळून घ्या, पुन्हा वापरा. यादवांनी असे घन आम्ल-उत्प्रेरक घडवले आणि त्यांच्या नावात संस्थेचं नाव गोवलं: यूडीकॅट.

अमेरिकेची पत्रं तेव्हा सगळ्यांनाच येत होती. तुम्हालाही. जे गेले त्यांनी मोठं काम केलं. पण या विषयात माणूस एका जागी मुरल्याशिवाय त्याच्याभोवती घराणं उभं राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले ते १९९० साली, माटुंग्यात राहूनच.

२००९. संस्था अभिमत विद्यापीठ झालीय, यादव कुलगुरू आहेत. पिकल्या केसांनी तुम्ही प्रयोगशाळेत शिरता. तासगावची एक मुलगी विचारते, ‘सर, पीएचडीला राहू का? घरचे म्हणतात, नोकरी धर.’

‘तुझा प्रश्न कुठला?’ तुम्ही विचारता.

मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन करायचं, पण उत्प्रेरकावर कोळसा साचतो आणि तो लवकर निकामी होतो, असं ती सांगू लागते. आलेखांची वही उघडते. तुम्ही स्टूल ओढून बसता.