ऊद मेथा आणि मुंबईचे दफ्तर

१. ऊद मेथा : दुबईच्या खाडीच्या बर दुबईकडील अंगास असलेली वस्ती. येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांस हा मुलूख परका वाटत असला, तरी त्याच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाची पुष्कळशी अस्सल साधने मुंबई सरकारच्या दफ्तरात निर्माण झाली, हे अभ्यासकाने अवश्य ध्यानी घ्यावे. १८१९ च्या उत्तरार्धात मुंबईहून निघालेल्या, मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर यांच्या मोहिमेनंतर जानेवारी १८२० मध्ये या किनाऱ्यावरील शेखांशी करारनामा झाला. आणि पुढे १८७३ पर्यंत इराणी आखाताचा ब्रिटिश रेसिडेंट (राजकीय प्रतिनिधी) मुंबई सरकारच्या हुकुमतीखाली असल्यामुळे त्याच्या बुशहर येथील कचेरीतून, म्हणजे रेसिडेन्सीतून, निघणारे खलिते, तक्रारी व गलबतांच्या हकीकती मुंबईस पोहोचत राहिल्या. १८२१ साली स्थापन झालेल्या दफ्तरखान्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात, राजकीय खात्याची बाडे पाहावीत. रेसिडेन्सीचे स्वतःचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून, त्यांतील मोठा भाग कतार राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सहकार्याने २०१४ पासून संगणकावर सर्वांस खुला आहे. मुंबई सरकारने १८५६ मध्ये छापलेले आखातासंबंधीचे निवडक कागद उपयुक्त खरे. परंतु निवड राज्यकर्त्यांची, आणि शेखांचे म्हणणेही बहुधा भाषांतराच्या द्वारे नोंदलेले, म्हणून मूळ हस्तलिखिताशी व उपलब्ध अरबी पत्रांशी ताडून पाहिल्यावाचून त्यांवर निष्कर्ष उभारू नये. ऊद मेथातील शाळांत वाढणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हे कार्य हाती घ्यावे, अशी संपादकाची मनःपूर्वक इच्छा आहे. — संपादक