हेवीवेट विजेत्यांची तुलना आणि तिचे निकष

मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाला, म्हणजे ज्यात वजनाची वरची मर्यादा नसते अशा सर्वांत वजनदार गटाला, एकोणिसाव्या शतकापासून विशेष प्रतिष्ठा लाभल्यामुळे निरनिराळ्या काळांतील विजेते आमनेसामने आले असते तर कोण जिंकला असता, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासात पुनःपुन्हा विचारला गेला आहे. मरे वॉरोनर या अमेरिकी निर्मात्याने १९६७ मध्ये तो संगणकाकडे सोपवला. सोळा विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवून त्याने काल्पनिक लढतींची जी मालिका रेडिओवरून प्रसारित केली, तीत रॉकी मार्सियानो अजिंक्य ठरला आणि मुहम्मद अली जेम्स जेफ्रीजकडून हरला. त्यावर अलीने बदनामीचा दावा लावला आणि त्याच्या तडजोडीतून मार्सियानो व अली यांची कॅमेऱ्यासमोरची लढत ठरली. १९६९ मध्ये मायामीत दोघांनी एकेका मिनिटाच्या सुमारे सत्तर फेऱ्या खेळून काढल्या. १९५६ मध्येच निवृत्त झालेल्या मार्सियानोने त्यासाठी बरेच वजन उतरवले आणि टक्कल झाकण्यासाठी केसांचा टोप घातला. चित्रीकरण आटोपल्यावर काही आठवड्यांतच विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला, तर अमेरिकेबाहेर दाखवलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला. एकाच लढतीचे दोन निकाल दाखवता आले, यावरूनच अशा मोजणीचे मोल कळते.

या तुलनेतील पहिली अडचण अशी की प्रत्येक काळातील विजेता वेगळ्या नियमांचा खेळ जिंकत होता. १८८९ मध्ये जॉन एल. सलिव्हनने जेक किलरेनला हरवले ती उघड्या मुठींची लढत ७५ फेऱ्या चालली, कारण तेव्हाच्या नियमांनुसार दोघांपैकी एक जण खाली पडला की फेरी संपत असे. तीन मिनिटांची फेरी, मिनिटभराची विश्रांती आणि हातमोजे ही क्वीन्सबरी नियमांची चौकट १८६७ चीच असली, तरी हेवीवेट गटात ती १८९२ च्या सलिव्हन-कॉर्बेट लढतीनंतरच खऱ्या अर्थाने रुजली. पुढे १९१९ मध्ये जॅक डेम्प्सी आपल्याहून कितीतरी धिप्पाड जेस विलर्डला पाडल्यावर त्याच्या अगदी जवळ उभा राही आणि तो उठू लागताच पुन्हा ठोसा मारी. १९२७ मध्ये मात्र, प्रतिस्पर्धी पडल्यावर रिकाम्या कोपऱ्यात जाण्याच्या नव्या नियमाकडे त्याने क्षणभर दुर्लक्ष केले, पंचांनी मोजणी उशिरा सुरू केली आणि तेवढ्या उसंतीत जीन टनी सावरला. अलीच्या काळातील पंधरा फेऱ्यांच्या जागी आज बाराच फेऱ्या होतात.

शरीरयष्टीचा मुद्दा मात्र वाजवीपेक्षा अधिक ताणला जातो. सुमारे ८४ किलोंचा मार्सियानो आज हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात बसला असता हे खरे. पण त्याच गटातून वर आलेल्या ओलेक्सांदर उसिकने २०२४ मध्ये सहा फूट नऊ इंच उंचीच्या टायसन फ्युरीला हरवले.

याहून गंभीर बाब वर्णभेदाची आहे, आणि विजयांच्या याद्या चाळून श्रेष्ठत्व ठरवणाऱ्यांनी तिला पुरेसे महत्त्व दिलेले नाही. सलिव्हनने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यास जाहीर नकार दिला होता. १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. १९१५ मध्ये हवानात विलर्डने त्याला सव्विसाव्या फेरीत पाडल्यानंतर जो लुईसला संधी मिळेपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला या पदासाठी लढू दिले गेले नाही. डेम्प्सीची कीर्ती याच बावीस वर्षांतली असून कृष्णवर्णीय आव्हानवीर हॅरी विल्सशी त्याची लढत करारापर्यंत जाऊनही झाली नाही. खुद्द जॉन्सननेही, १९०६ मध्ये आपण हरवलेल्या सॅम लँगफर्ड या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला, विजेता झाल्यावर पुन्हा संधी दिली नाही. विजेतेपदाची दारे बंद असल्यामुळे लँगफर्ड आणि विल्स एकमेकांशीच पंधराहून अधिक वेळा लढले. त्या काळातील श्रेष्ठत्वाचा शोध घेताना डेम्प्सीच्या विजयांइतक्याच बारकाईने या लढतींचा अभ्यास व्हायला हवा.